बत्तिसावी खुंटी

दादा पेंडश्यांच्या घरी कमोड बसला तो ओवीसाठी. कागदोपत्री मात्र तो एका डच बाईसाठी बसला, आणि वाडीत अजूनही त्याला 'बाईचा कमोड' असंच म्हणतात. बाई त्यावर एकदाही बसली नाही, हा भाग वेगळा.

ओवी ही दादांची नात. वय वर्षं सात, मुक्काम हॉलंड. ती वाडीत आजवर एकदाच आली, तेव्हा सात महिन्यांची होती. तिला त्यातलं काही आठवत नाही आणि दादांना सगळं आठवतं. माजघरात तिचा पाळणा ज्या कडीला बांधला होता, त्या कडीला प्रमोदिनीबाईंनी गेल्या सहा वर्षांत साधा कंदीलसुद्धा अडकवू दिलेला नाही.

"या मे महिन्यात येताय ना?" हा प्रश्न दादा दर रविवारी फोनवर विचारत. क्षिप्रा, म्हणजे त्यांची मुलगी, दर रविवारी एक नवी अडचण सांगे. संडास बाहेर, सुपारीच्या बागेत, ओवी घाबरेल. तिथे तिला खेळायला कोण आहे? डास किती! दादा जिल्हा परिषदेतून केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झालेले. दहा-बारा शाळा तपासायच्या, वहीत त्रुटी लिहायच्या आणि महिनाभराने पूर्तता झाली का ते पाहायचं, यात हयात गेली. आता आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्या त्रुटी काढत होतं. त्यांनी त्या एका वहीत अनुक्रमे लिहून काढल्या आणि पूर्ततेला लागले.

अशातच गणपतीच्या आदल्या रविवारी क्षिप्रा बोलता बोलता म्हणाली, "बाबा, इकडे एक संस्था आहे. इथली माणसं हौसेने भारतात जातात, मुलांना शिकवायला आणि सांभाळायला. स्वतःच्या खर्चाने!"

"स्वतःच्या खर्चाने?" दादा म्हणाले. "आम्ही तिकीट पाठवतो म्हटलं तरी आमची माणसं येत नाहीत."

मग क्षिप्राने ओवीला आंघोळ घालायची आहे असं सांगून फोन ठेवला. दादांच्या डोक्यात मात्र कल्पना शिरली ती शिरलीच. अस्सल परदेशी माणूस आपल्या घरी महिनाभर सुखात राहून गेला, तर क्षिप्राला बोलायला जागा उरणार नाही. नाटकाच्या आधी रंगीत तालीम असते, तशी ही ओवीची तालीम.

"आणि ती बाई आजारी पडली तर?" प्रमोदिनीबाईंनी विचारलं.

"तर तालीम कशासाठी असते?" दादा म्हणाले. प्रमोदिनीबाई डोक्याला हात लावून आत गेल्या. छत्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी एवढंच शिकून घेतलं होतं की दादांना वही मिळाली की त्यांच्यापुढे बोलण्यात अर्थ नसतो.

संस्थेचा अर्ज दादांनी स्वतः इंग्रजीत भरला. त्यात एक रकाना होता: आपल्या गावात किती मुलं आहेत? एखाद्या साध्या माणसाने अंदाजे आकडा टाकला असता. पण दादांनी चौतीस वर्षं पट मोजलेला. पट म्हणजे शाळेतल्या मुलांची संख्या, आणि ती समोर उभी करून मोजायची, गुरुजींच्या तोंडी आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, हा दादांचा खाक्या. खोटा पट दाखवणाऱ्या कितीतरी गुरुजींना त्यांनी घाम फोडला होता. तेव्हा संध्याकाळच्या आरतीला सगळी वाडी त्यांच्या अंगणात जमली असताना त्यांनी मुलांना रांगेत उभं केलं, दोनदा मोजलं, फोटो काढला आणि अर्जावर लिहिलं: एकतीस.

आकडा अगदी बरोबर होता, फक्त दिवस गणपतीचे होते.

कोकणातल्या कुणालाही ही चूक सांगायला नको. गणपतीत आमच्या वाड्या पोराबाळांनी ओसंडून वाहतात आणि विसर्जन झालं की तिसऱ्या दिवशी अंगणात फक्त कोंबड्या उरतात. मुलं नालासोपाऱ्याला, दिव्याला, कळव्याला आपापल्या शाळेत जातात. दादांना हे माहीत नव्हतं असं नाही. पण त्या संध्याकाळी अंगणात जो काही कलकलाट चालला होता, तो ऐकून माणूस पंचांग विसरला तर त्याला बोल लावायचा नाही, असं आमचं मत आहे.

दिवाळीत संस्थेचं उत्तर आलं. श्रीमती मारिके नावाच्या बाई संक्रांतीच्या सुमारास येतील, एक महिना राहतील.

लगेच पूर्तता क्रमांक एक सुरू झाली. दादांची बाग सांभाळणारा रावजी आतल्या भातशेतीच्या गावचा. त्याने एकदा मुंबईत साहेबाच्या बंगल्यावर काम केलं होतं, त्यामुळे कमोड या विषयावर त्याचा शब्द शेवटचा.

"दादानू, नुसता कमोड बसवून भागायचा न्हाय," तो म्हणाला. "बाजूला कागदाची गुंडाळी लागते. त्या लोकांना पानी चालत न्हाय."

शेजारच्या कोकिळाताई म्हणाल्या की कागदाने टाकी तुंबते, त्यांच्या भाच्याच्या सोसायटीत तुंबली होती. दोघांचं त्यावरून वाजलं. दादांनी कागद आणि पाणी दोन्हीची सोय केली. बोर्ली पंचतनहून टेंपोने कमोड आला, तेव्हा वाडीतली झाडून सगळी माणसं तो उतरवून घ्यायला हजर होती. सगळी मिळून अकरा भरली आणि त्यातली सहा साठीच्या पुढची. गवंड्याने पडवीच्या टोकाला खोली काढून तो बसवला. बसवल्यावर लक्षात आलं, की माणूस बसला की त्याचे गुडघे दाराला लागतात आणि दार मिटत नाही. मग दार बाहेर उघडेल असं फिरवलं. ते फिरवल्यावर बाहेरची तुळस आडवी आली. प्रमोदिनीबाईंनी तुळस हलवायला साफ नकार दिला आणि दार अर्धवट उघडण्यावर तडजोड झाली. एवढ्यावरही फ्लश पहिल्या दाबाला काही बोलत नसे. दुसऱ्या दाबाला गुरगुरे, तिसऱ्याला असा कोसळे की गोठ्यातली म्हैस दचकून उठे.

"व्हईल सवय," रावजी म्हणाला. ते म्हशीबद्दल की बाईंबद्दल, हे कुणी विचारलं नाही.

मग परदेशी पाहुण्याची नोंद करायला दादा अलिबागला गेले. पहाटेची एसटी, दुपारी बारा वाजता खिडकी, आणि खिडकीमागे एक तरुण कारकून.

"पाहुण्यांशी नातं?"

"काही नाही."

"मग तुमच्याकडे कशाला येतायत?"

"मुलांना शिकवायला. सांभाळायला."

"व्हिसा पर्यटनाचा आहे, काका. शिकवायला वेगळा कागद लागतो."

"शिकवणार म्हणजे काय, खेळतील मुलांशी."

"मग ते पर्यटनच. काय पाहणार ते लिहा. पालीचा गणपती लिहू? सगळे तेच लिहितात."

खोटं लिहिणं दादांच्या रक्तात नव्हतं. ते म्हणाले, "मुलं पाहणार."

"कुणाची?"

हा प्रश्न दादांनी तोवर स्वतःलाही विचारला नव्हता. कारकुनाने त्यांच्या चेहऱ्याकडे बघून स्वतःच 'समुद्रकिनारा' असं भरलं आणि शिक्का मारला.

मारिकेबाई आल्या त्या दिवशी दादांना पहिला धक्का बसला. त्यांच्या डोळ्यांपुढे पाठीवर पोतडी घेतलेली विशीतली पोर होती. टेंपोतून उतरल्या त्या सहासष्ट वर्षांच्या, पांढऱ्या केसांच्या, सहा फूट उंच आजीबाई. तिकडच्या बालवाडीत चाळीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेल्या. उतरल्या उतरल्या त्यांनी पडवीच्या तुळईवर कपाळ आपटून घेतलं आणि हसायला लागल्या. प्रमोदिनीबाई धावत हळद घेऊन आल्या. त्या क्षणापासून त्या दोघींचं जमलं ते कायमचं, कोणती भाषा कोण बोलतंय याने त्यांचं काही अडलं नाही.

चहा झाल्यावर बाईंनी मोठी पिशवी उघडली आणि माजघरातल्या सतरंजीवर टोप्या मांडल्या. लोकरीच्या, हाताने विणलेल्या, लाल, पिवळ्या, निळ्या. प्रत्येक टोपीच्या आत कापडाचा बिल्ला आणि त्यावर आकडा. दादांनी पाठवलेला फोटो त्यांनी मोठा करून छापून आणला होता. त्यातल्या प्रत्येक डोक्यावर त्याच्या टोपीचा आकडा होता. दिवाळीपासून रोज संध्याकाळी त्या फोटो समोर ठेवून विणत बसत. कुणाचं डोकं मोठं, कुणाचं लहान, सगळं निरखून.

"बत्तीस," बाई म्हणाल्या.

"एकतीस," दादा म्हणाले.

"बत्तीस. मी मोजलीत."

"बाई, चौतीस वर्षं मी पट मोजलाय." दादांचा आवाज जरा चढला. बाईंनी फोटो पुढे केला, पण दादांनी तो बघायचंसुद्धा नाकारलं. हिशेबात त्यांची चूक काढणारं माणूस अजून जन्मायचं होतं. शिवाय त्या फोटोकडे बघायची त्यांना आता भीतीच वाटत होती, हे त्यांचं खरं कारण.

कारण वाडीच्या शाळेचा पट होता तीन. नऊ वर्षांची पूनम, तिचा धाकटा भाऊ गणराज आणि कोकिळाताईंचा नातू मोरू, जो अजून 'ळ' म्हणायला तयार नव्हता.

पहिल्या दिवशी दादांनी सांगितलं, की बाकीच्या मुलांना संक्रांतीची सुट्टी आहे. दुसऱ्या दिवशी म्हसळ्याला लग्न होतं. तिसऱ्या दिवशी त्यांना सांगण्यासारखं काही सुचेना, तेव्हा रावजीने मार्ग काढला. "बोर्लीची पोरां आनतो की. शिकवनीतली. वडापाव देतो म्हटलां की येतील." तो खरोखरच टेंपोत नऊ पोरं घालून घेऊन आला. दादांनी आयुष्यभर ज्या गुरुजींना तंबी दिली, ते सगळे त्या टेंपोच्या मागे उभे राहून आपल्याकडे बघून हसतायत असं त्यांना वाटलं.

मारिकेबाईंनी नऊ मुलांशी गाणी म्हटली, चित्रं काढली. मग फोटो घेऊन एकेकाच्या तोंडाशी धरला. शेवटी त्या दादांजवळ आल्या.

"ही मुलं फार गोड आहेत," त्या हळूच म्हणाल्या. "पण यातलं एकही या फोटोत नाही."

दादा पायरीवर बसले. त्यांची मान वर होईना. मग पूनमच पुढे झाली. फोटोतल्या डोक्यांवर एकेक बोट ठेवत तिने सांगायला सुरुवात केली. "हा पियूष, दिव्याला असतो. हा ऋत्विक, ह्यो कळव्याला. ही क्रांती, माझी मैत्रीन हाय, नालासोपाऱ्याला. गनपतीत येतात सगली, आनि मे महिन्यात आंबं खायला. मग न्हाय येत." दादा एकेक वाक्य इंग्रजीत करून सांगत गेले. अठ्ठावीस नावं झाली. पुढची तीन पूनम, गणराज आणि मोरू.

"माझी चूक आहे," दादा म्हणाले. "तुम्ही एवढ्या लांबून आलात. इथे सांभाळायला मुलंच नाहीत."

मारिकेबाई त्यांच्या शेजारी पायरीवर बसल्या. त्यांच्या मुलाचं घर न्यूझीलंडमध्ये होतं, तिथे दोन नातवंडं होती. त्यांच्या स्वैपाकघरात आठ खुर्च्यांचं टेबल होतं. सात खुर्च्या रोज पुसाव्या लागतात, असं त्या म्हणाल्या.

दादांनी आत जाऊन कोकम सरबत आणलं.

त्यानंतरचा महिना वाडीला लक्षात राहिला. तीन मुलं आणि एक बाई सकाळी समुद्रावर जात, शंख आणत, दुपारी पडवीत बसून लिहीत. थंडी अशी काही नव्हती, पण कोकणातल्या माणसाला पौषातलं जरासं वारंही कानटोपीला पुरतं, आणि टोप्या तर आयत्याच होत्या. मोरू टोपी घालून आंघोळीला बसे. म्हैस, मासे, फणसाची भाजी, कशालाही बाईंनी नाक मुरडलं नाही. फक्त कमोडवर त्या गेल्या नाहीत. मागचा जुना संडास त्यांना फार आवडला. तिथे बसलं की पाखरं ऐकू येतात आणि गुडघ्यांना व्यायाम होतो, असं त्यांचं म्हणणं. दादांना हा अपमान गिळायला आठ दिवस लागले. ते रोज कमोडवरची धूळ फडक्याने पुसत आणि दार ओढून घेत.

अठ्ठावीस टोप्यांसाठी रावजीने पडवीच्या भिंतीत खुंट्या ठोकल्या आणि पूनमने प्रत्येक खुंटीखाली खडूने नाव लिहिलं. मे महिन्यात ज्याने त्याने येऊन आपापली न्यायची. बाईंच्या हातात एकच टोपी उरली, सगळ्यांत लहान, जांभळी, बत्तीस नंबरची.

जायच्या आदल्या संध्याकाळी बाईंनी तो फोटो पुन्हा दादांच्या पुढे धरला. या वेळी दादांनी चष्मा लावला. आरतीचं तबक, रांगेतली मुलं, मागे प्रमोदिनीबाई उभ्या. त्यांच्या एका हातात घंटा, दुसऱ्या हातात वर धरलेला फोन. ओवीला आरती दिसावी म्हणून त्यांनी तो धरला होता. फोनच्या पडद्यावर तांदळाच्या दाण्याएवढा एक चेहरा होता आणि त्यावर बाईंनी बारीक अक्षरात लिहिलं होतं: बत्तीस.

दादा बराच वेळ चष्मा पुसत राहिले. प्रमोदिनीबाईंनी खांद्यावरून वाकून फोटो पाहिला आणि त्या तिथेच पदर तोंडाला लावून रडल्या.

"ती माझ्या घरापासून आगगाडीने तासाभरावर राहते," मारिकेबाई म्हणाल्या. "मी नेऊन देते."

"नको," दादा एकदम म्हणाले. "इथेच राहू दे. ती येऊन घेईल."

मग बाईंनी सांगितलं, की नातवासाठी त्यांनी बर्फावरचे बूट आणून ठेवले होते, तो येईल तेव्हा द्यायला. तो आला सात वर्षांनी. तोवर पाय मोठा झाला होता. "डोकंसुद्धा वाढतं," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादांनी ती टोपी स्वतःच्या हाताने बाईंच्या पिशवीत ठेवली. वर प्रमोदिनीबाईंनी डिंकाचे लाडू, आमसुलं आणि फणसपोळी एवढी कोंबली, की रावजीला पिशवीवर बसून चेन लावावी लागली. टेंपो वळणाआड गेल्यावर मोरूने टोपी काढून छातीशी धरली आणि भोकाड पसरलं. दादांनाही पसरायचं होतं, पण त्यांच्या हुद्द्याला ते शोभलं नसतं.

पुढच्या रविवारी फोन आला. पडद्यावर ओवी होती आणि तिच्या डोक्यावर जांभळी टोपी. बरोबर बसली होती. तांदळाच्या दाण्यावरून घेतलेलं माप चुकलं नव्हतं. दादा पडवीत उभे होते. त्यांच्या मागे भिंतीवर टोप्यांची रांग दिसत होती.

"आजोबा, त्या कुणाच्या टोप्या?" ओवीने विचारलं. तिचं मराठी जरा थांबत थांबत चालतं.

"मुलांच्या. ती मे महिन्यात येऊन नेणार आहेत."

"सगळी मुलं तिकडे येऊन घेणार?"

"हो."

"मग माझी का पाठवली?"

ओवीचा चेहरा लाल झाला होता. आपल्याला एकटीलाच वेगळं काढलं, हे तिला स्पष्ट दिसत होतं. तिने टोपी काढून पडद्यासमोर धरली. "मला नको. ही परत पाठवते. तुम्ही तिकडे लावा. माझं नाव खाली लिहा. मी येऊन घेईन."

रावजी पडवीच्या पायरीवर बसून सुपाऱ्या सोलत होता. त्याने काही न विचारता हातोडी उचलली आणि रांगेच्या टोकाला बत्तीस नंबरच्या टोपीसाठी एक खुंटी ठोकायला घेतली. तो आवाज हॉलंडात पोचला असणार, कारण पडद्यावर आता ओवीच्या जागी क्षिप्रा आली. ती मागच्या भिंतीकडे पाहत होती. मग ती म्हणाली, "बाबा, मे महिन्यात आमच्याकडे दोन आठवडे सुट्टी असते."

"असते का?" दादा म्हणाले. त्यांना ते गेली सहा वर्षं ठाऊक होतं.

"बाबा..." क्षिप्रा अडखळली. मग तिने दुसरीकडे बघत विचारलं, "तो कमोड नीट चालतो ना?"

फोन हातात धरून दादा पडवीच्या टोकाला जवळजवळ धावतच गेले. तुळशीला वळसा घालून अर्ध्या दारातून आत शिरले आणि फोन टाकीजवळ धरून त्यांनी कळ दाबली. कधी नव्हे तो फ्लश पहिल्याच दाबाला कोसळला. गोठ्यात म्हैस उठून उभी राहिली. माजघरात प्रमोदिनीबाईंनी हातातलं काम टाकलं, स्टूल ओढलं, त्यावर चढून पाळण्याच्या कडीवरची जळमटं काढली आणि ती पुसायला घेतली. ओवी आता पाळण्यात मावणार नाही, हे त्यांना माहीत होतं.